राजा घाट आणि काशी प्रथमच पाहणारा मराठी यात्रेकरू

काशी पाहणे आणि काशीयात्रा करणे या दोन क्रियांत मराठी समाजाने दीर्घकाळ फरक केला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काशीसाठी घराबाहेर पडणारा मनुष्य परत येईलच अशी खात्री नसे. निघण्यापूर्वी देण्याघेण्याची निरवानिरव होई, परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घातले जाई आणि त्यानंतर गावाची त्या व्यक्तीकडे पाहण्याची दृष्टीही बदलत असे. अशा माणसाला 'काशीत काय पाहिलेत?' असा प्रश्न विचारणे काहीसे अप्रस्तुतच वाटावे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने तो विचारायला हवा. प्रथमच येणारा माणूस कोणतेही पुरातन नगर मोकळ्या डोळ्यांनी पाहत नाही. काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशावरून नजर काढून घ्यावी, याची यादी त्याच्या हाती कोणीतरी आधीच ठेवलेली असते. ही यादी कोणी केली, हे समजले म्हणजे त्या नगरीवर कोणाची सत्ता होती आणि कोणाची आठवण पुसली गेली, हेही काही प्रमाणात उलगडते. काशीतील राजा घाट या तुलनेने दुर्लक्षित घाटाच्या आधारे हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

राजा घाटाचे स्थान प्रथम निश्चित केले पाहिजे, कारण नामसाम्यामुळे येथे गोंधळ होतो. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाटांची ओळ तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून, अस्सीपासून उत्तरेस पसरलेली आहे. दक्षिणेकडून नावेने निघाल्यास केदार घाट मागे पडल्यावर मानसरोवर आणि नारद हे घाट लागतात, त्यानंतर राजा घाट, पुढे खोरी व पांडे घाट आणि मग चौसट्टी, दरभंगा, मुन्शी, अहिल्याबाई हे घाट ओलांडून दशाश्वमेध. उत्तर टोकाला रेल्वेच्या पुलालगत असलेला 'राजघाट' हा याहून अगदी निराळा. तो प्राचीन वाराणसीच्या वस्तीचा उंचवटा असून १९४० मध्ये रेल्वेच्या कामासाठी खोदकाम होत असताना तेथे मुद्रा व मृण्मय वस्तू विपुल प्रमाणात सापडल्या. राजघाट पुरातत्त्वज्ञांचा, तर राजा घाट पेशव्यांचा. पहिल्याविषयी ग्रंथ लिहिले गेले. दुसऱ्याच्या वाट्याला मार्गदर्शिकांतील दोन ओळी आल्या.

काशीच्या पाहण्याची सर्वांत जुनी यादी अर्थातच शास्त्राची. स्कंदपुराणातील काशीखंडाने ती विस्ताराने दिली. पण दक्षिणेतील यात्रेकरूच्या दृष्टीने तिला व्यवहार्य रूप आले ते एका मराठी घराण्याकडून. पैठणहून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस येऊन स्थायिक झालेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही स्थळी यात्रेकरूने कोणते विधी, कोणत्या क्रमाने करावेत याचा त्यात निर्णय आहे. विश्वेश्वराच्या मंदिराची सोळाव्या शतकातील पुनर्बांधणी याच नारायणभट्टांच्या प्रेरणेने झाली, असे परंपरा सांगते. याच घराण्यात पुढे 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट झाले आणि शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्टही याच घराण्यातले. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच पूर्ण केले, हेही येथे स्मरणात ठेवावे. मराठी मुलखातून येणाऱ्या माणसाला काशी परकी वाटत नसे ती यामुळे. त्याला वाट दाखविणारा ग्रंथ मराठी घराण्यातील पंडिताने सिद्ध केलेला असे आणि घाटावर उतरवून घेणारा उपाध्याय त्याच्याच बोलीत बोलणारा असे.

या यादीत पाच तीर्थांचे महत्त्व विशेष आहे. अस्सीसंगम, दशाश्वमेध, वरणासंगमावरील आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका अशी ही पंचतीर्थी. तिच्या जोडीला विश्वेश्वर, अन्नपूर्णा, ढुंढिराज, बिंदुमाधव आणि नगरीचा कोतवाल काळभैरव. बिंदुमाधव आणि अन्नपूर्णा यांचे दर्शन चुकले तर यात्रेकरूला हळहळ वाटे. काळभैरवाचे चुकले तर भीती वाटे. अंगात बळ आणि पदरी पाच दिवस असतील तर कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा या मुक्कामांनी पंचक्रोशी पूर्ण करावयाची. अस्सीवर स्नान करून नाव दशाश्वमेधाकडे निघाली, की ती राजा घाटासमोरून जाणे अपरिहार्य आहे. मात्र तेथे तिने थांबण्याचे शास्त्राने कोणतेच कारण ठेवलेले नाही. राजा घाट हे तीर्थ नाही. तो मनुष्याने, आणि तोही अलीकडच्या काळातील मनुष्याने, आपल्या नावासाठी व पुण्यासाठी बांधलेला घाट आहे. शास्त्राच्या यादीत त्याला जागा नाही, हे म्हणूनच स्वाभाविक होते.

मराठी सत्तेच्या उदयाबरोबर या यादीत दुसरी एक यादी मिसळू लागते. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांची यात्रा. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्या पुण्याहून निघाल्या. उदयपूर, जयपूर, मथुरा या मार्गाने प्रयाग करून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात काशीस पोहोचल्या आणि गयेहून परत फिरून जून १७३६ मध्ये पुण्यास आल्या. साठीच्या आसपासची एक विधवा बाई सोळा महिने उत्तर हिंदुस्थानात फिरते. तिच्या मुलाच्या फौजा ज्यांच्या प्रदेशात चौथाई मागत आहेत, तेच राजे तिला सन्मानाने पोहोचवतात. मराठ्यांशी झुंजलेला महंमदखान बंगशही तिचा आदर करतो. या यात्रेचा राजकीय अर्थ इतिहासकारांनी पुष्कळदा सांगितला आहे. राजपूत दरबारांचे मन त्यातून बाजीरावास कळले आणि १७३६ च्या आरंभी तो स्वतः त्या राजांच्या भेटीस गेला. परंतु घाटांच्या इतिहासाच्या दृष्टीने या यात्रेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. याच सुमारास सदाशिव नाईक जोशी हा पेशव्यांचा काशीतील विश्वासू माणूस घाटांच्या बांधकामाची हकीकत पुण्यास कळवीत होता. म्हणजे राधाबाई काशीत आल्या तेव्हा त्या केवळ पुराणातील काशी पाहत नव्हत्या. मुलाच्या पैशाने उभी राहत असलेली काशीही त्यांच्या समोर होती. तीर्थ पाहावयाचे आणि आपल्या माणसांनी काय बांधले तेही पाहावयाचे, ही मराठी यात्रेकरूची दुहेरी दृष्टी येथपासून रूढ झालेली दिसते.

पुढील शंभर वर्षांत त्या दृष्टीला भरपूर खाद्य मिळाले. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी ब्रह्मा घाट व दुर्गा घाट या परिसरात मराठी वस्ती वसविली. दशाश्वमेधाचा घाट बाळाजी बाजीरावाने बांधविला. विश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभे केले. नागपूरच्या भोसल्यांचा घाट, त्यांच्याच दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांचा घाट, बायजाबाई शिंदे यांचा ज्ञानवापीवरील मंडप (१८२८) आणि स्वतःच्याच भाराने खचलेला शिंदे घाट, अशी ही मालिका आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करणारे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ मधील आपल्या बनारसच्या इतिहासात आधुनिक काशी ही मोठ्या प्रमाणात मराठ्यांची निर्मिती असल्याचे म्हटले आहे. हे विधान मराठी लेखनात इतक्या वेळा अभिमानाने उद्धृत झाले आहे, की त्यातील अडचण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्या नगरीत मराठ्यांनी इतके बांधले, ती नगरी त्यांच्या ताब्यात एक दिवसही आली नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात काशी व प्रयाग मिळविण्याचे मनसुबे वारंवार रचले गेले. पानिपतापूर्वी शिंद्यांना लिहिलेल्या पत्रांतून ती उत्कंठा स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात काशी अवधच्या नबाबाकडे राहिली आणि १७७५ च्या तहाने कंपनीकडे गेली. घाट बांधण्यास परवानगी लागे, जमीन विकत घ्यावी लागे, स्थानिक सत्तेची मर्जी सांभाळावी लागे. शिंदे-होळकरांच्या तलवारीने जे साधले नाही ते दानाने साधावे, असा काहीसा हा व्यवहार होता.

राजा घाटाचा इतिहास या व्यवहाराच्या अगदी शेवटच्या टोकावर उभा आहे. प्रचलित मार्गदर्शिकांत असे सांगितले जाते, की हा घाट प्रथम १७२० मध्ये बाजीरावाने सदाशिव नाईकाच्या देखरेखीखाली बांधविला आणि १७८० ते १८०७ या काळात अमृतराव पेशव्याने तो दगडात पुन्हा बांधला. ही दोन्ही सने तपासून घेण्याजोगी आहेत. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले आणि त्याच महिन्यात विशीही पूर्ण न झालेल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्या घाईगर्दीच्या वर्षात, अनेक दरबारी मंडळींचा विरोध असताना आणि खजिन्याची स्थिती तोळामासा असताना, त्याने काशीस घाटाचे काम काढले असे मानणे अवघड आहे. सदाशिव नाईकाचा घाटांशी असलेला संबंध १७३० नंतरच्या पत्रांत दिसतो. तेव्हा पहिल्या बांधकामाचा काळही तोच धरणे अधिक सयुक्तिक ठरेल.

१७८० विषयीची शंका याहून गंभीर आहे. अमृतराव हा मूळचा भुस्कुटे घराण्यातला. रघुनाथरावाने त्याला १७६८ मध्ये दत्तक घेतले. १७८० मध्ये तो जेमतेम बारा-चौदा वर्षांचा असावा आणि त्याचा दत्तक पिता त्या वेळी पेशवाईच्या लोभाने इंग्रजांच्या आश्रयास गेलेला होता. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगाव येथे वारल्यावर त्याचे कुटुंब पुणे दरबाराच्या नजरेखाली कोपरगाव, आनंदवल्ली आणि अखेर जुन्नर येथे राहिले. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७९५ नंतरच, त्यांची सुटका झाली. अशा स्थितीतील मुलाने काशीत दगडी घाट बांधण्यास आरंभ केला, ही गोष्ट संभवत नाही. १७८० हे साल खरे असेल तर ते अन्य कोणाच्या कामाचे आहे. अमृतरावाचा हात घाटाला लागला तो १८०३ नंतर. मार्गदर्शिकांनी दोन निराळ्या गोष्टी एका नावाखाली गोवल्या आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकाने त्या तशाच उचलल्या.

हे साल महत्त्वाचे का, हे अमृतरावाचे चरित्र पाहिल्याशिवाय कळत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने दुसऱ्या बाजीरावाचा व शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव वसईस पळाला आणि वर्षाअखेरीस, ३१ डिसेंबर रोजी, त्याने तेथे इंग्रजांशी तह केला. इकडे होळकराने जुन्नरहून अमृतरावास पुण्यास आणले. अमृतरावाचा मुलगा विनायकराव यास पेशवा करावयाचे आणि कारभार अमृतरावाने पाहावयाचा, असा बेत ठरला. तो फार काळ टिकला नाही. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेल्स्ली पुण्याजवळ येताच अमृतराव तेथून निघाला आणि ऑगस्टमध्ये, अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला त्याच सुमारास, त्याने वेल्स्लीशी करार केला. सालीना सात लक्ष रुपयांचा तनखा घ्यावयाचा आणि पेशवाईवरचा हक्क सोडावयाचा, हे त्या कराराचे सार होते. त्यानंतर तो काशीस आला आणि १८२४ मध्ये सिकरौल येथे, इंग्रजांच्या छावणीच्या परिसरात, वारला.

म्हणजे पेशवे घराण्यातील पुरुष काशीत कायमचा राहावयास आला तो राज्य मिळवून नव्हे, ते सोडण्याची किंमत घेऊन. राजा घाटाचा चुनारी दगड त्या किमतीतून आला. एखाद्या राज्याचा महसूल घाटात रूपांतरित होणे आणि राज्यत्यागाचा मोबदला घाटात रूपांतरित होणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. बाजीरावाच्या घाटामागे एका वाढत्या सत्तेची उमेद होती. अमृतरावाच्या घाटामागे सरलेल्या सत्तेचा हिशोब. तरीही त्याला 'फितुराचा पैसा' म्हणून मोकळे होणे न्यायाचे ठरणार नाही. त्या वर्षात इंग्रजांशी तह न केलेला मराठी सरदार शोधून काढावा लागतो, आणि ज्यांनी तह केले त्यांपैकी फार थोड्यांनी मिळालेला पैसा परमुलखातून येणाऱ्या अनोळखी माणसांच्या जेवणावर खर्च केला.

येथे घाटाच्या नावाचाही विचार करावा लागतो. या घाटास पूर्वी अमृतराव घाट म्हणत. पुढे तो राजा घाट झाला. पेशवा हा राजा नव्हे. तो छत्रपतींचा पंतप्रधान, आणि पुण्यात ही मर्यादा शेवटपर्यंत, निदान कागदोपत्री, पाळली गेली. गादी न मिळालेल्या पेशव्याला काशीतील लोकांनी मात्र 'राजा' केले. जो मोठा वाडा बांधतो, हत्ती बाळगतो आणि दररोज पंक्ती उठवतो तो राजा, असा त्या नगरीचा साधा न्याय असावा. हे नाव देण्यात मान होता, पण त्याच नावाने अमृतरावाला पुढे अदृश्य केले. काशीत राजे पुष्कळ झाले. कोणता राजा, हे विचारण्याचे कारण नव्याने येणाऱ्याला उरत नाही.

प्रथमच येणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या दृष्टीने या घाटाचे महत्त्व त्याच्या पायऱ्यांपेक्षा माथ्यावरील वास्तूत होते. तेथे ब्राह्मण आणि विद्यार्थी यांच्यासाठी निवारा व अन्नछत्र होते. दोन महिने चालून आलेल्या माणसाला मणिकर्णिकेच्या आधी काय हवे असते? पाठ टेकण्यास जागा, आपल्या चवीचे शिजलेले अन्न आणि पुढचे विधी कोणाकडून करून घ्यावेत हे सांगणारा ओळखीच्या भाषेतील माणूस. शास्त्राच्या यादीत नसलेला राजा घाट या तिसऱ्या, कोठेही न लिहिलेल्या यादीत वरच्या क्रमांकावर असला पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' (लेखन १८८३, प्रकाशन १९०७) वाचताना या यादीची कल्पना येते. कोणत्या गावी कोणाकडे उतरलो, कोठे दान मिळाले, कोठे भोजन झाले, हे गोडसे भटजी ज्या बारकाईने सांगतात त्या बारकाईने मंदिराचे शिल्प सांगत नाहीत. हा रुक्षपणा नव्हे. भिक्षुकाच्या घरातील तो कर्ता पुरुष होता. द्रव्य मिळवावे, गंगेची कावड घरी न्यावी आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालावे, यासाठी तो बाहेर पडला होता. त्याच्या नजरेत नगरे वसत होती ती आश्रयाच्या ठिकाणांभोवती.

मात्र या आश्रयाला सीमा होती, ती झाकण्याचे कारण नाही. पेशवेकालीन अन्नछत्रे मुख्यतः ब्राह्मणांसाठी चालत. त्याच काशीत मराठी फौजेबरोबर आलेला शिलेदार, बैलांवर माल लादून आलेला वाणी, गंगेत आईबापांच्या अस्थी सोडण्यास आलेला कुणबी यांना राजा घाटावर कितपत थारा मिळे, हे सांगणारा कागद नाही, कारण त्यांनी कागद लिहिले नाहीत. काशीयात्रेच्या मराठी स्मृतीला जो स्वर आहे तो लिहिणाऱ्यांचा आहे. जे पायऱ्यांवर उघड्यावर निजले आणि उपाध्यायाच्या वहीत नाव, गाव व कुळ एवढेच सांगून परत गेले, त्यांची काशी त्या वहीतील एका ओळीपलीकडे उरली नाही. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या या दृष्टीने अभ्यासण्याची आवश्यकता आहे. विविध जातींच्या मराठी यात्रेकरूंची नोंद एकत्र मिळण्याचे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

अमृतराव काशीत असतानाच आणखी एक मराठी राजा त्या नगरीत येऊन गेला, आणि त्याचे पाहणे या सर्वांहून निराळे आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीने १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली. त्यानेही १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपवून तनखा पत्करला होता. दोन मराठी तनखेदार एका नगरीत, एकाच काळात. पण अमृतरावाने तेथे दगड उभा केला आणि सरफोजीने तेथून कागद नेला. वाटेतील तीर्थांची त्याने पद्धतशीर टिपणे करविली, हस्तलिखिते जमविली. काशीच्या घाटांची चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आजही आहेत आणि त्याच संग्रहातील 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' या मराठी रचनेत यात्रेचे वर्णन आले आहे. यात्रेकरूची श्रद्धा आणि संग्राहकाची शिस्त यांचा असा मेळ त्या काळी विरळाच. मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीत शिकलेल्या या राजाच्या हाती शास्त्राची यादी होती, पण नोंद करण्याची रीत नव्या युगाची होती.

काशी पाहण्याची युरोपीय रीत याच वर्षांत आकार घेत होती. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपने नगराचा नकाशा तयार केला, सांडपाण्याची व्यवस्था लावली आणि 'बनारस इलस्ट्रेटेड' या चित्रमालेतून (१८३० ते १८३४) येथील घाट युरोपात पोहोचविले. बिशप रेजिनाल्ड हेबर सप्टेंबर १८२४ मध्ये प्रथमच बनारसला आला. अमृतरावाच्या दानधर्माची हकीकत त्याच्या कानी आली व ती त्याने आपल्या प्रवासवृत्तात नमूद केली. त्या परधर्मीय पाहुण्याने अमृतरावाला निदान नावाने ओळखले. त्यानंतरच्या चित्रकारांनी व छायाचित्रकारांनी मात्र नदीतून दिसणारा देखावा तेवढा घेतला. पायऱ्या, बुरूज, छत्र्या आणि पाण्यात पडलेले प्रतिबिंब. त्या देखाव्यात कोणत्या भिंतीआड पंक्ती बसत होती हे दिसण्याची सोयच नाही. नगर आतून, गल्लीतून, उपाध्यायाच्या मागोमाग पाहण्याऐवजी ते समोरून, नावेतून, एका दमात पाहण्याची सवय येथे सुरू झाली. १८८७ मध्ये राजघाटाजवळचा रेल्वेपूल खुला झाल्यावर तर पूर्वेकडून येणाऱ्या गाडीच्या खिडकीतूनच घाटांची सबंध कमान डोळ्यांत मावू लागली. प्रवासाचे दोन महिने दोन दिवसांवर आले. निरवानिरव करण्याचे कारण उरले नाही, आणि अन्नछत्राची गरजही पूर्वीसारखी राहिली नाही.

अमृतरावाच्या वंशाचा शेवट काशीत झाला नाही. घराण्याचे बस्तान चित्रकूटजवळील करवी येथे बसले होते. तेथील गणेशबाग विनायकरावाच्या नावाने ओळखली जाते. १८५७ च्या उठावात विनायकरावामागे आलेले नारायणराव व माधवराव हे वारस गुंतले. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने करवी घेतली तेव्हा वाड्यात प्रचंड संपत्ती सापडली. ती लुटीचा माल म्हणून कोणत्या पलटणींना मिळावी यावर इंग्लंडात वर्षानुवर्षे वाद चालला आणि १८६६ मध्ये लंडनच्या नौकान्यायालयाने 'बांदा व करवी लूट' या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात निकाल दिला. १८०३ मध्ये कराराने दिलेला पैसा साठ वर्षांच्या आत अशा रीतीने पुष्कळसा परत गेला. जो आधीच दगडात घातला गेला होता, तेवढा काशीत राहिला.

त्या दगडाची परीक्षा नदी दरवर्षी घेते. पावसाळ्यात गंगेचे पाणी कित्येक मीटर चढते, खालच्या पायऱ्या नाहीशा होतात आणि पूर ओसरल्यावर घाटांवर गाळाचे जाड थर उरतात. ते पंपाच्या फवाऱ्याने धुऊन काढावे लागतात. घाट एकदा बांधून पुण्य मिळत असेल, पण तो टिकतो वर्षानुवर्षांच्या डागडुजीवर, आणि बांधणाऱ्याच्या वंशाकडे जहागीर नसेल तर ती करावयाची कोणी, हा काशीतील अनेक मराठी घाटांपुढचा प्रश्न होता. राजा घाटालाही तो चुकला नाही.

आजच्या प्रथम येणाऱ्याची यादी पुन्हा बदलली आहे. पहाटेची नाव, विश्वेश्वराचे दर्शन, सायंकाळी दशाश्वमेधावरील आरती, मग सारनाथ. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाल्यापासून ललिता घाटाच्या बाजूने मंदिरात थेट जाता येते, त्यामुळे पुष्कळ यात्रेकरू दक्षिणेकडील घाटांकडे वळतही नाहीत. जे नावेने अस्सीहून निघतात त्यांना नावाडी केदार घाट दाखवितो, नारद घाटावर नवराबायकोने एकत्र स्नान केल्यास भांडण होते ही लोकसमजूत हसत हसत सांगतो आणि हसणे ओसरेपर्यंत राजा घाट मागे पडलेला असतो. मराठी यात्रेकरूंचे जथे अजूनही मोठ्या संख्येने येतात. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट परिसरातील मराठी घरांशी काहींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. परंतु पुण्या-नाशिकहून येणाऱ्या यात्राकंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत अहिल्याबाईंचा घाट असतो, अमृतरावाचा नसतो. अहिल्याबाईंचे नाव घाटाला आहे, विश्वेश्वराच्या मंदिराला आहे आणि मराठी मनात आहे. अमृतरावाला पाठ्यपुस्तकानेही जागा दिली नाही, कारण पेशव्यांच्या वंशावळीत तो गादीवर बसलेला नाही आणि इंग्रजांविरुद्ध लढलेल्यांच्या यादीतही बसत नाही.

ज्याला हा घाट मुद्दाम पाहावयाचा असेल त्याने तो पाण्यातून पाहून भागवू नये. दशाश्वमेधावरून दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी चालत निघाल्यास मुन्शी व दरभंगा घाट ओलांडून, पांडे घाटावरून, तेथे सहज पोहोचता येते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत घाटाचे नाव रंगविलेले आहे. वाहनाने जावयाचे असल्यास मात्र सायकलरिक्षावाल्याला 'राजा घाट' एवढेच सांगून भागत नाही, पांडे घाटाचे नाव जोडावे लागते. नाही तर तो नवख्या प्रवाशाला चार-पाच किलोमीटर उत्तरेस, रेल्वेच्या पुलाखालच्या राजघाटावर नेऊन सोडतो.